ऑटोमॅटिकची डायनो प्रिंट : १४ पीएस टॉर्क कन्व्हर्टरने खाल्ले का?

शेंगाचटणी :
सोलापूरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर दोन डायनो प्रिंट (चाकं रोलरवर फिरवून गाडीची ताकद मोजल्याचे कागद) फिरताहेत. मॉडेल एकच, मोठी डिझेल ऑटोमॅटिक, कंपनीचा आकडा १७४ पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं एकक). दोन्ही गाड्या स्टॉक, म्हणजे कंपनीतून आल्या तशा, रीमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) नाही. एकीवर चाकाची ताकद १२८, दुसरीवर १४२. पहिल्या गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) ढिला झालाय, रिबिल्ट टाकला की १४ पीएस परत येतील, असं एकाने ठोकून दिलंय आणि बाकीचे माना डोलावताहेत.

प्रिंटवर दिसतं ते एवढंच : दोन्ही धावा चौथ्या गिअरात, दोन्हींत सर्वाधिक ताकद ३६०० आरपीएमला. त्या क्षणी रोलरचा वेग पहिलीत १०८ किमी, दुसरीत ११५. कोपऱ्यात बारीक अक्षरांत पहिलीवर एसएई, दुसरीवर एसटीडी. कन्व्हर्टरमुळे चाकावरचा आकडा खरंच एवढा हलतो का? माहितगारांनी सांगा.

होटगीरोड_गिअरबॉक्स :
मालक, उत्तर तुमच्या प्रिंटवरच छापलंय. गिअर तोच, फायनल रेशो तोच, इंजिन ३६०० वर. मग रोलरचा वेगही तोच यायला हवा. एकात ११५, दुसऱ्यात १०८. १०८ भागिले ११५ म्हणजे ०.९३९. पहिल्या धावेत कन्व्हर्टर ६ टक्के घसरत होता (हीच स्लिप : गिअरबॉक्सकडची बाजू इंजिनापेक्षा हळू फिरते) आणि दुसऱ्या धावेत लॉक-अप क्लच (कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा) बसलेला होता.

आता ताकदीचं. वरच्या आरपीएमला कन्व्हर्टर कपलिंगच्या टप्प्यात असतो. स्टेटर (टॉर्क वाढवणारं आतलं मधलं चाक) मोकळा फिरतो, टॉर्क वाढत नाही, जेवढा आत तेवढाच बाहेर. फक्त फिरण्याचा वेग कमी होतो. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, म्हणून जितके टक्के स्लिप तितके टक्के ताकद सरळ ऑइलच्या उष्णतेत जाते. १२८ भागिले ०.९३९ करा, १३६ येतात. म्हणजे १४ पैकी ८ पीएस स्लिपचे.

पण यावरून कन्व्हर्टर खराब ठरत नाही. लॉक-अप उघडा असताना धडधाकट कन्व्हर्टरही पूर्ण थ्रॉटलला ५-६ टक्के घसरतो. लॉक-अप का बसला नाही, हा विचारायचा प्रश्न.

डायनोवाचक :
उरलेले ६ पीएस कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांचे. एसएई आणि एसटीडी या करेक्शन, म्हणजे हवेच्या हिशेबाने आकडा सुधारायच्या पद्धती. एसएई जे१३४९ मध्ये आकडा २५ अंश सेल्सिअस आणि ९९० मिलीबार कोरड्या हवेच्या दाबावर आणतात. एसटीडीत १५.५ अंश आणि २९.९२ इंच पारा, म्हणजे थंड, दाट हवा. तीच धाव एसटीडीत छापली की साधारण ४ टक्के जास्त दिसते. १३६ चे ४ टक्के वाढवा, १४२ झाले. दोन्ही गाड्या सारख्याच निघाल्या की!

एक आणखी बघून घ्या. एकीकडे पीएस आणि दुसरीकडे एचपी तर नाही ना? १ पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, १ एचपी म्हणजे ७४५.७. दीड टक्क्याचा फरक तिथेही चोरून शिरतो.

सातरस्ता :
टायर वेगळे असतील तर? झिजलेल्या टायरची गाडी रोलरवर कमी वेग दाखवणारच. स्लिपवर एवढी खात्री कशी?

होटगीरोड_गिअरबॉक्स :
शंका रास्त आहे, अण्णा. पण मोजून बघा. टायर ६७० मिमी व्यासाचा धरला तर ६ टक्के म्हणजे ४० मिमी. नव्या टायरची नक्षीच ८ मिमीच्या आसपास असते. ती दोन्ही बाजूंनी पूर्ण घासली तरी व्यास १५-१६ मिमीने उतरेल, आणि तोवर टायर गुळगुळीत झालेला असेल. ४० मिमीसाठी साईजच वेगळी लागते.

दुसरं असं की टायर लहान असला तर रोलरचा वेग कमी येतो पण जोर त्याच प्रमाणात वाढतो, ताकद तीच राहते. इथे वेगही पडलाय आणि ताकदही पडलीय. ती सही स्लिपची.

तरी पक्कं करायचं तर स्कॅनर लावा. लाइव्ह डेटात इंजिन आरपीएम आणि टर्बाइन आरपीएम (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या चाकाचं; काही स्कॅनर इनपुट शाफ्ट म्हणतात) शेजारीशेजारी ठेवा. इंजिन ४०००, टर्बाइन ३७६० म्हणजे २४० चा फरक, ६ टक्के. लॉक-अप बसला की हा फरक जवळजवळ शून्य होतो, फार तर ३०-५० आरपीएम. पाचशे रुपयांच्या ब्लूटूथ डोंगलवर टर्बाइन आरपीएम बहुधा येत नाही. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर लागतो.

चिंचोळी_एमआयडीसी :
लॉक-अप का बसला नसेल याची कारणं लिहितो. डायनोवर ही गफलत नेहमीची आहे.

पहिलं, ऑइल थंड. गिअरबॉक्सचं ऑइल ठरावीक तापमानाला येईपर्यंत कंट्रोलर लॉक-अप देतच नाही. पुण्याला डायनोपर्यंत अडीचशे किमी चालवून नेलेली गाडी गरम असते, पण नंबर लागेपर्यंत तासभर उभी राहिली तर पुन्हा तेच. दुसरं, थ्रॉटल झटक्याने दाबला. कंट्रोलरला वाटतं ओव्हरटेक आहे, तो लॉक-अप सोडतो आणि जमलं तर एक गिअरही खाली टाकतो. तिसरं, ब्रेक स्विच. पेडलवर पाय नुसता टेकला तरी लॉक-अप सुटतो. चौथं, दोन चाकांच्या रोलरवर पुढची चाकं उभी आणि मागची ११५ ने पळताहेत हे एबीएसला पटत नाही. काही गाड्या अशा वेळी थ्रॉटल कापतात, काही लॉक-अप सोडतात. पाचवं कारण खरंच बिघाड : लॉक-अपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचा दाब वाटणारा भाग) किंवा क्लचचं अस्तर. तेव्हा स्कॅनरवर बहुधा पी०७४१ हा लॉक-अपच्या बिघाडाचा कोड सापडतो. पहिली चार कारणं तपासल्याशिवाय पाचव्यावर पैसे घालू नका.

धाव घ्यायची पद्धत अशी. पट्टे आवळून गाडी २०-२५ मिनिटं हलक्या लोडवर फिरवा, ऑइल ८० ते ९० अंशांवर येऊ द्या. मॅन्युअल मोडमध्ये १:१ चा गिअर (आत जेवढे फेरे तेवढेच बाहेर) धरा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याच सहा गिअरच्या टोयोटा-आयसिन बॉक्समध्ये तो चौथा असतो. २००० च्या आसपास अर्ध्या थ्रॉटलवर स्थिर करा, स्कॅनरवर लॉक-अप बसलेला दिसला की पेडल दोन-तीन सेकंदांत सावकाश पूर्ण दाबा. पेडलच्या तळाशी किकडाउनचा (गिअर खाली टाकायला लावणारा) खटका असेल तर त्याच्या किंचित अलीकडे थांबा. धाव चालू असताना लॉक-अप सुटला तर ती धाव फेकून द्या. लागोपाठ तीन धावा एक-दीड टक्क्यात जुळल्या तरच आकडा धरावा. आणि प्रिंटवर चार गोष्टी हाताने लिहून घ्या : गिअर, लॉक-अप बसला की नाही, ऑइलचं तापमान, कुठली करेक्शन. हे नसेल तर त्या प्रिंटची किंमत पतंगाच्या कागदाएवढी.

शेंगाचटणी :
पहिल्या प्रिंटमध्ये सुरुवातीला टॉर्कचा भला मोठा डोंगर आहे, १८०० ला. दुसरीत नाही. तोही स्लिपमुळेच?

डायनोवाचक :
होय. जडत्वावर चालणारा रोलर डायनो इंजिनकडे बघतही नाही. रोलर किती जड आणि किती लवकर वेग घेतो, यावरून तो ताकद काढतो. त्यामुळे ताकदीच्या रेषेला आरपीएमचं सिग्नल लागतच नाही. टॉर्क मात्र तो ताकदीला आरपीएमने भागून काढतो. न्यूटन-मीटर हवे तर किलोवॅट गुणिले ९५४९ भागिले आरपीएम.

घोटाळा तिथे होतो. डिझेलला स्पार्कचं सिग्नल मिळत नाही, म्हणून बऱ्याचदा ऑपरेटर एका स्थिर वेगावर गुणोत्तर शिकवतो : अमुक किमीला अमुक आरपीएम. हे शिकवताना लॉक-अप बसलेला असेल आणि धावेत उघडला, तर सॉफ्टवेअर खरं इंजिन आरपीएम न धरता रोलरच्या वेगावरून काढलेलं कमी आरपीएम धरतं. ताकद भागिले कमी आरपीएम, म्हणजे टॉर्क फुगला. शिवाय खालच्या टप्प्यात कन्व्हर्टर खरोखरच टॉर्क वाढवतो. टर्बाइन थांबलेली असताना साधारण १.८ ते २.३ पट, आणि टर्बाइनचा वेग इंजिनच्या ८५-९० टक्क्यांवर येईपर्यंत तो गुणाकार उतरत एकावर येतो. चाकावर तो टॉर्क खरा असतो, पण इंजिनाचा नव्हे. ताकद त्या टप्प्यात कधीच वाढत नाही, उलट सर्वात जास्त तिथेच जळते. डोंगर बघून 'लो-एंड टॉर्क जबरदस्त' म्हणणारे खूप भेटतात.

लॉक-अप उघडून धाव घ्यायचीच असेल तर आरपीएम ओबीडीतून (गाडीच्या स्कॅनर सॉकेटमधून) किंवा क्रँक सेन्सरवरून घ्या, शिकवलेल्या गुणोत्तरावरून नको.

सातरस्ता :
ठीक. आता मूळ विषयावर या. समजा कोणाला कन्व्हर्टर बदलायचाच आहे, वेगळ्या स्टॉलचा (गाडी ब्रेकवर धरून पूर्ण थ्रॉटल दिला की इंजिन ज्या आरपीएमला अडतं तो आकडा). लॉक-अप बसवून मोजलं तर आकड्यात फरक पडणारच नाही ना?

होटगीरोड_गिअरबॉक्स :
स्लिपचा फरक पडणार नाही. जडत्वाचा थोडा पडेल. लहान व्यासाचा कन्व्हर्टर हलका असतो, त्यात ऑइलही कमी मावतं, तो फिरवायला इंजिनाची कमी ताकद लागते. हिशेब बघा : ऑइल धरून जडत्व ०.१५ किलो-मीटर वर्ग धरलं आणि धाव ८ सेकंदांत २००० वरून ४००० ला गेली, तर त्याला वेग देण्यात सुमारे ४ न्यूटन-मीटर जातात, ४००० ला साधारण २ पीएस. जडत्व निम्मं केलं तर १ पीएस वाचला. कागदावर तेवढाच फायदा. स्थिर लोडवर मोजणाऱ्या एडी करंट डायनोवर तोही दिसणार नाही.

लॉक-अप उघडा ठेवून मोजलं तर चित्र पालटतं. कन्व्हर्टर किती टॉर्क पेलतो हे आरपीएमच्या वर्गावर आणि व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असतं. व्यास फक्त १० टक्क्यांनी कमी करा, ०.९ चा पाचवा घात ०.५९. त्याच आरपीएमला पेलण्याची कुवत ४१ टक्के उतरली. स्टॉल ३० टक्के चढला, आणि वर स्लिपही वाढली. म्हणून हाय-स्टॉल कन्व्हर्टर टाकून, लॉक-अप न देता रोलरवर गाडी चढवली की कमाल ताकद आधीपेक्षा कमी छापली जाते आणि मालक रडत बसतो. गाडी मात्र सिग्नलवरून आधीपेक्षा जोरात सुटलेली असते.

सातरस्ता :
हेच समजत नाही. ताकद कमी आणि गाडी जोरात?

होटगीरोड_गिअरबॉक्स :
प्रिंटवरची कमाल ताकद एका बिंदूची असते. गाडी पळते ती सुटल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंतच्या सरासरीवर. समजा इंजिनाचा खरा दम ३५०० च्या वर आहे. घट्ट (कमी स्टॉलचा) कन्व्हर्टर त्याला सुटताना २००० ला बांधून ठेवतो, ढिला (जास्त स्टॉलचा) ३२०० पर्यंत चढू देतो. ढिल्या कन्व्हर्टरमध्ये गिअर बदलल्यावर आरपीएमची घसरणही कमी होते. वरचे चार-पाच टक्के गेले तरी खालची कमाई मोठी. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये ८ ते १० इंची कन्व्हर्टर आणि ४०००-५००० चे स्टॉल यासाठीच वापरतात. तिथली इंजिनं वरच्या आरपीएमला श्वास घेणारी असतात.

आपल्याकडच्या टर्बो डिझेलला ते कशाला? १७५०-१८०० ला पूर्ण टॉर्क हजर असतो. तिथे ३००० चा स्टॉल म्हणजे डिझेल जाळून ऑइल तापवणं. नुसतं फॅशन आहे म्हणून टाकू नका.

आणि स्टॉल हा कन्व्हर्टरवर कोरलेला आकडा नव्हे. एक स्थिरांक असतो, आरपीएम भागिले टॉर्कचं वर्गमूळ. २५० न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे २००० ला स्टॉल होणारा कन्व्हर्टर ३६० च्या इंजिनामागे २४०० ला होईल, रीमॅप करून ४५० केलं तर २६८० च्या घरात. म्हणजे रीमॅप झालेल्या गाडीचा स्टॉक कन्व्हर्टर आपोआपच ढिला वागतो. विकणाऱ्याला 'किती स्टॉल' एवढंच विचारू नका, 'किती टॉर्कला' तेही विचारा.

डायनोवाचक :
रीमॅपवाल्यांसाठी पुरवणी. लॉक-अप क्लचचं अस्तर कंपनीच्या टॉर्कवर थोडं राखून बनवलेलं असतं. टॉर्क २५-३० टक्के वाढवला की तो वरच्या लोडला सरकतो. प्रिंटवर हे ओळखू येतं : जिथे टॉर्क सर्वाधिक तिथे रेषा दातेरी होते आणि स्कॅनरवर १०० ते २०० आरपीएमचा फरक नाचतो. रस्त्यावर ७०-८० ला हलका थ्रॉटल दिला की खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर. मॅप कितीही चांगला असो, तिथून पुढे चाकावर काही वाढत नाही. अस्तर जळून त्याचा काळा गाळ व्हॉल्व्ह बॉडीत जातो, ते वेगळंच. फॉर्च्युनर २.८ मध्ये २०२१ पासून ताकद दोन्हींत २०४ पीएस, पण ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर आणि मॅन्युअलला ४२०. गिअरबॉक्सप्रमाणे इंजिनाचा टॉर्क कंपनी स्वतः वेगळा ठेवते, यावरून समजा.

शेंगाचटणी :
स्टॉल टेस्ट करून कन्व्हर्टरची तब्येत कळते ना? घरी करता येईल?

चिंचोळी_एमआयडीसी :
येते, पण जपून. चारही चाकांना दगड किंवा ठोकळे, हँडब्रेक पूर्ण, डाव्या पायाने ब्रेक दाबून ठेवलेला, गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं नाही. ऑइल गरम. डी मध्ये टाका, थ्रॉटल पूर्ण, आरपीएम जिथे थांबेल तो आकडा वाचा, सोडा. पाच सेकंदांच्या वर कधीही नाही. मग न्यूट्रलमध्ये १००० ते १२०० वर मिनिटभर चालू ठेवा, ऑइल कूलरमधून फिरू द्या. आर मध्ये पुन्हा एकदा.

पाच सेकंद का, तर २४०० ला २५० न्यूटन-मीटर म्हणजे ६३ किलोवॅट. गाडी हलत नाही, म्हणजे सगळे ऑइलमध्ये. कन्व्हर्टरमध्ये ३ लिटर ऑइल धरलं तर दर सेकंदाला १२ अंश चढतं. पाच सेकंदांत साठ. आधीच ९० वर असेल तर १५० झालं, आणि सील कडक व्हायला एवढं पुरे.

आकडा पुस्तकातल्यापेक्षा बराच कमी आला, डी आणि आर दोन्हीत, तर इंजिन अशक्त आहे किंवा स्टेटरचा वन-वे क्लच (त्याला एकाच दिशेने फिरू देणारा) उलटा घसरतोय. जास्त आला तर ऑइल कमी, लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब) कमी किंवा गिअरबॉक्सचे क्लच सरकताहेत. फक्त डी मध्ये जास्त आणि आर मध्ये बरोबर, तर कन्व्हर्टरचा संबंध नाही, पुढच्या गिअरचा क्लच बघा. स्टेटर उलट प्रकारे अडकला, म्हणजे मोकळा फिरेनासा झाला, तर स्टॉल टेस्ट छान पास होते, पिकअपही चांगला असतो, पण वरच्या वेगाला गाडी दमते आणि ऑइल तापतं. तो रोग डायनोवरच पकडला जातो.

नव्या गाड्यांत ब्रेक आणि थ्रॉटल एकत्र दाबले की कंट्रोलर थ्रॉटल कापतो. तिथे आकडा कमी येणारच, त्यावरून निदान करू नका.

सातरस्ता :
आणि 'इंजिनाची ताकद' म्हणून प्रिंटवर जो दुसरा, मोठा आकडा असतो तो? चाकाची अधिक तोट्याची?

डायनोवाचक :
मॅन्युअलमध्ये तो बरा असतो. धाव संपल्यावर क्लच दाबून गाडी रोलरवर सोडतात, रोलर किती लवकर मंदावतो त्यावरून तोटा काढतात. ऑटोमॅटिक न्यूट्रलमध्ये सोडली तर कन्व्हर्टरवर लोडच नसतो, त्याची स्लिप मोजली जात नाही, गिअरबॉक्सचा पंपही इंजिनाच्या आयडलवर फिरत असतो. म्हणून तोटा कमी निघतो आणि 'इंजिनाची ताकद' विनाकारण कमी दिसते. 'ऑटोमॅटिक आहे, सरसकट २० टक्के धरा' हेही चूक. पंपाचा खर्च आरपीएमबरोबर चालतो, स्लिपचा लोडबरोबर. त्याच गाडीला लॉक-अपसह आणि लॉक-अपशिवाय एकच टक्का कसा लागेल? चाकाचा आकडा घ्या आणि त्याच गाडीच्या आधीच्या चाकाच्या आकड्याशी ताडा.

उन्हाळ्यात डायनो करणाऱ्यांनी करेक्शनकडे आणखी लक्ष द्या. सोलापूर साडेचारशे मीटरच्या वर. एप्रिल-मेमध्ये ४१ अंश, कोरड्या हवेचा दाब ९४० मिलीबार धरला तर टर्बो नसलेल्या पेट्रोलला एसएईचा गुणक १.०९५ च्या आसपास येतो. ७ टक्क्यांपलीकडची दुरुस्ती त्या पद्धतीत भरवशाची धरतच नाहीत. टर्बो गाडीत तर बूस्ट कंट्रोल हवेची कमतरता बरीचशी स्वतःच भरून काढतो, वर पेट्रोलचा गुणक लावला की फुकटचे पीएस मिळतात. भल्या पहाटे धाव घ्या, नाहीतर न सुधारलेला आकडाही छापून मागा.

शेंगाचटणी :
शेवटचं. कन्व्हर्टर खरंच बदलायची वेळ आलीच तर फिटिंगमध्ये काय बघायचं? इथे प्रत्येक मेस्त्री वेगळं सांगतो.

चिंचोळी_एमआयडीसी :
रिबिल्ट कन्व्हर्टर म्हणजे कापून, आतलं बदलून, पुन्हा वेल्ड केलेला. वेल्डनंतर गळती तपासली का आणि बॅलन्स केला का, दोन्ही विचारा. बसवण्याआधी त्यात लिटरभर ऑइल ओता, नाहीतर पहिल्या क्षणी पंप कोरडा फिरतो.

गिअरबॉक्समध्ये सरकवताना फिरवत फिरवत ढकला. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन, स्टेटरच्या स्प्लाइन, शेवटी पंपाच्या खाचा, असे टप्पे हाताला कळतात. तिसरा टप्पा न लागता बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून बॉक्स ओढला की पंपाचा गिअर फुटलाच समजा. ताडण्यासाठी बॉक्स इंजिनाला टेकवल्यावर, फ्लेक्सप्लेटचे (कन्व्हर्टर ज्याला जोडतात त्या इंजिनाच्या पातळ चकतीचे) बोल्ट लावण्याआधी, कन्व्हर्टर आणि प्लेटमध्ये ३ ते ५ मिमी फट राहिली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे. फट नाही तर थांबा, बॉक्स मागे घ्या. कन्व्हर्टरच्या नळीचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) डायल गेजवर ०.३ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर पुढचं सील काही महिन्यांत गळायला लागतं.

जुन्या अस्तराचा गाळ कूलरमध्ये बसलेला असतो. कूलर आणि पाइप फ्लश करा, शंका आली तर कूलर बदला. नवा कन्व्हर्टर जुन्या कचऱ्याने मारणं फार सोपं आहे. ऑइल त्याच प्रतीचं : टोयोटाला डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या सहा गिअरच्या बॉक्सला एसपी-४. मिसळलं की लॉक-अप थरथरतो आणि दोष नव्या कन्व्हर्टरवर जातो.

होटगीरोड_गिअरबॉक्स :
लेव्हलचं राहिलं. डिपस्टिक नसलेल्या कित्येक टोयोटा बॉक्समध्ये लेव्हल इंजिन चालू ठेवून, ऑइल ३५ ते ४५ अंशांवर असताना, ओव्हरफ्लोच्या छिद्रातून बघतात. मेमध्ये अक्कलकोट रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला ऑइल गाडी सुरू करण्याआधीच ४२ वर असतं. गिअर फिरवून लेव्हल बघेपर्यंत ५०-५५ झालं, ऑइल फुगलं, छिद्रातून जास्त वाहून गेलं. बोल्ट लावला, गाडी गेली, थंड झाल्यावर लेव्हल कमी. मग तुळजापूरच्या घाटात वळणावर पंप हवा ओढतो, स्लिप वाढते आणि डायनोवर पुन्हा तेच 'कन्व्हर्टर ढिला'. सकाळी सहा-साताला, रात्रभर उभ्या गाडीवर, स्कॅनरवर तापमान बघत लेव्हल करून घ्या.

शेंगाचटणी :
ग्रुपवर १०८ आणि ११५ चं गणित टाकलं. पहिल्या गाडीची लेव्हल उद्या सकाळी बघताहेत, रिबिल्टची ऑर्डर थांबवलीय. पुढची धाव लॉक-अपसह, एसएईत. प्रिंट आली की इथेच टाकतो.